हाक ऐकून उठलेली बाई : पंडिता रमाबाई



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी तरी लिहून द्याव्यात असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा कोणी पाककृती दिली, कोणी जात्यावरच्या ओव्या लिहून दिल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. लिहिण्याची सवय म्हणाल तर किराण्याची यादी आणि राखीबरोबर भावाला पाठवायची चिठ्ठी, एवढीच. पण माझ्या मुलीने शाळेच्या वाचनालयातून पंडिता रमाबाईंच्या चरित्राचे एक पुस्तक आणले होते. दुपारची भांडी झाली की मी ते घेऊन ओसरीत बसू लागले, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग आणखी दोन पुस्तके मागवून वाचली. म्हणून त्या बाईंविषयीच लिहायचे ठरवले.

माझ्या सासूबाईंना हे फारसे रुचले नाही. त्यांचे म्हणणे असे पडले की आपण मार्कंडेश्वराच्या पायाशी राहणारी माणसे. आपला धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या बाईची कथा आपल्या स्मरणिकेत कशाला? मी तेव्हा उत्तर दिले नाही. वडीलधाऱ्या माणसाला उलट बोलण्याची मला सवय नाही. या लेखाच्या शेवटी मात्र त्यांना माझे उत्तर मिळेल, अशी आशा आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकवायचेच असा त्यांनी निश्चय केला आणि लक्ष्मीबाईंना शिकवलेही. त्या काळी हा गुन्हाच होता. लोकांचा इतका विरोध झाला की ते गाव सोडून रानात जाऊन राहिले. आपण जंगलाच्या जिल्ह्यातल्या बाया, रानात राहणे काय असते ते आपल्याला सांगायला नको. पावसाळी रात्री, जनावराचा आवाज, आणि जवळपास माणसाचे घर नाही! पण त्या माउलीने तिथेच विद्या मिळवली आणि पुढे तीच आपल्या धाकट्या लेकीला दिली.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतील-नसतील, तोच घरची परिस्थिती बिघडली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. ही मुलगी वेताच्या पेटीतून डोंगर उतरली. तिथून पुढे तिचे सारे बालपण वाटेवर गेले. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जायचे, देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करायची. महाशिवरात्रीला आपल्याकडे वैनगंगेच्या काठी जत्रा भरते, तेव्हा असे कितीतरी पुराणिक आणि कीर्तनकार आपण पाहिले आहेत. त्यांच्यापाठी डोईवर बोचके घेतलेली बायकोही असते, आणि तिच्या कडेवर पोर असते. आता जत्रेत असे पोर दिसले की मला रमाबाई आठवते. आईजवळ बसून तिने भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले. जे श्लोक मोठमोठे शास्त्री म्हणत, ते ही मुलगी न अडखळता म्हणे.

मग दुष्काळ आला. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात या कुटुंबावर उपासमारीची पाळी आली. विद्वान घराणे, मोलमजुरी कधी केली नव्हती, आणि भीक मागायची लाज. होते नव्हते ते दानधर्मात व देवाच्या नावाने खर्चून टाकले आणि देव काहीतरी करील म्हणून वाट पाहत बसले. आधी वडील गेले. थोड्याच दिवसांनी आई गेली. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. कशीबशी दोन माणसे तयार झाली, आणि उरलेला भार भावाने व रमाबाईने उचलला. रमाबाई ठेंगणी होती. तिचा खांदा इतरांच्या खांद्याला लागेना, म्हणून तिने आपल्या आईची तिरडी डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैलांवर होते. भगिनींनो, हे वाचले त्या दिवशी मला दुपारचा चहा गेला नाही.

पुढे श्रीनिवास आणि रमाबाई हे दोघे बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. अंगावर पुरते पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी एका थंडीत त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. आपण वैनगंगेच्या वाळूत कार्तिकात स्नानाला जातो तेव्हा पाय कसे गारठतात! त्या वाळूचे पांघरूण करून ज्यांनी रात्र काढली असेल त्यांचा देवावरचा विश्वास उडाला, यात मला नवल वाटत नाही. एवढी तीर्थे केली, एवढी व्रते केली, आणि देवाकडून उत्तर नाही, असे त्यांना वाटू लागले.

1878 साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची मुलगी भरसभेत संस्कृत बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. एवढा मान कोणत्याही बाईला मिळाला नव्हता. पण त्याच काळात शास्त्रे अधिक वाचत गेल्यावर तिला दिसू लागले की ज्या ग्रंथांनी तिला मान मिळवून दिला, त्यांतील काहींत बाईच्या जातीला मान नाही. हे शल्य तिच्या मनात राहिले.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. म्हणजे पुन्हा समाजाचा रोष. आसामात सिल्चर येथे त्यांनी संसार थाटला. तिथेच घरातल्या पुस्तकांत रमाबाईंना ख्रिस्ती शुभवर्तमानाचे एक छोटे पुस्तक सापडले आणि त्या ते वाचू लागल्या. 1881 मध्ये मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. चोविसाव्या वर्षी पदरात तान्हे मूल घेऊन ती विधवा झाली.

मायबहिणींनो, इथे मी थोडी थांबते. आपल्यापैकी कितीजणींना हे थांबणे समजेल! विधवा बाईला त्या काळी एकच वाट होती. कोपऱ्यात बसायचे आणि दिवस मोजायचे. रमाबाई कोपऱ्यात बसल्या नाहीत. त्याच साली त्या पुण्यास आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. बायकांनी एकत्र जमावे, शिकावे, आपल्या हिताचे बोलावे, हा त्याचा हेतू. आपल्या मंडळासारख्या मंडळांची ही एक थोरली पणजीच म्हणायची. त्याच साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे उभे राहून त्यांनी सांगितले की बायकांना शिकवायला स्त्री शिक्षक हव्यात आणि त्यांना औषध द्यायला स्त्री डॉक्टर हव्यात. तेव्हा हे सांगणे म्हणजे केवढे धाडस!

आपण स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून 1883 मध्ये त्या विलायतेला गेल्या. पण त्यांचे कान बिघडत चालले होते, त्यामुळे डॉक्टरीचा अभ्यास होईना. वाँटेज या गावी ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना एकदा फुलहॅम येथे नेले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या बायांना तिथे आसरा दिला जाई. या बायांशी कोणी तुच्छतेने बोलत नव्हते. आजारी माणसाची करावी तशी त्यांची शुश्रूषा होत होती. रमाबाईंनी असे कधी पाहिले नव्हते. हे का करता, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना येशूची आणि विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. ती बाई परजातीची, शिवाय लोकांच्या नजरेतून उतरलेली. म्हणून भर उन्हात एकटी पाण्याला आलेली. येशूने तिच्याकडेच प्यायला पाणी मागितले आणि देवाच्या गोष्टी तिच्याशी केल्या.

पाणवठ्यावर कोणाला कसे वागवले जाते हे आपण बायाच नीट जाणतो. ती गोष्ट रमाबाईंच्या काळजाला भिडली. आपल्याला कोणीतरी हाक मारीत आहे असे त्यांना वाटले, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात मोठा गहजब झाला. कालपर्यंत ज्यांनी त्यांच्यावर फुले उधळली होती त्यांनी तोंड फिरवले. पण त्या विलायती बायकांच्याही पूर्ण आज्ञेत राहिल्या नाहीत. मनाला पटल्याशिवाय कोणतेही मत त्या स्वीकारत नसत, त्यावरून गुरुभगिनींशी त्यांचे वाद होत. खाणे त्यांनी शाकाहारीच ठेवले. देवाचे ऐकायचे म्हणजे माणसांचे सगळे ऐकायचे असे नव्हे, हे मला त्यांच्यापासून कळले.

1886 साली त्या अमेरिकेला गेल्या. आपल्या नात्यातील आनंदीबाई जोशी तिथे डॉक्टर झाल्या होत्या, त्यांच्या पदवीदानाला हजर राहणे हे निमित्त. पण तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगावी व्याख्याने दिली आणि बालविधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. 1889 च्या फेब्रुवारीत परत येऊन 11 मार्चला त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच गोदूबाईंचा पुढे 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. 1890 साली सदन पुण्याला हलवले.

आता हाक ऐकण्याची खरी किंमत पुढे येते. सदनात धर्माची सक्ती करायची नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असे ठरले होते आणि तशी सोयही होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार लावून घेत नसत. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. मुलींना बाटवतात असा आरोप झाला. केसरीने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेसुद्धा 1893 मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. दार लावून घेतले असते तर हे सगळे टळले असते. त्यांनी दार लावले नाही. यात त्यांचे बरोबर की चूक, यावर आजही जाणकार भांडतात. आपली लेक आपल्या धर्मातून जाईल या भीतीने जे आईबाप रात्री झोपले नसतील त्यांचेही दुःख मला समजते. मी दोन्ही बाजू वाचल्या. मला एवढेच वाटते की बाई लपवाछपवी करणारी नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षांनी रमाबाईंना असे जाणवले की आपण धर्म घेतला, पण देवाच्या हाती स्वतःला पुरते सोपवलेच नाही. एवढ्या मोठ्या विदुषीला हे कळायला आठ वर्षे लागली! म्हणजे हाक एकदा ऐकली की काम संपले असे नसते. जावे लागते, चुकावे लागते, पुन्हा ऐकावे लागते.

पुढची हाक आपल्याच बाजूने आली, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. 1896-97 साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा याच मध्य प्रांतात होता. आपल्या पणज्यांनी मोहाची फुले आणि रानातली कंदमुळे खाऊन दिवस काढल्याच्या गोष्टी आपण घरोघरी ऐकल्या आहेत. दुष्काळात अनाथ मुलींचे काय होते हे रमाबाईंना कोणी सांगायला नको होते. मद्रासेकडचा तो दुष्काळ, डोक्यावरची आईची तिरडी, सारे त्यांच्यासमोर उभे राहिले असेल. हाताशी पैसा नव्हता. तरी त्या निघाल्या, दुष्काळी छावण्या पाहिल्या आणि सुमारे तीनशे मुली व बाया वाचवायच्याच असे मनाशी ठरवून त्यांना आणण्याच्या मागे लागल्या. पुण्यात प्लेगामुळे एवढ्यांना ठेवता येईना. दौंडच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी आधी जमीन घेऊन ठेवली होती. त्या उघड्या माळावर त्यांना नेले. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. मग 1899-1900 मध्ये गुजरातेकडे दुष्काळ पडला, तेव्हा आणखी हजाराहून जास्त जणी आल्या. एकूण आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

दोन हजार माणसांचा स्वयंपाक! आपल्याकडे महाशिवरात्रीच्या भंडाऱ्याला एक दिवसाचा शिधा जमवताना आपली किती धावपळ होते ते आठवा. तिथे हे रोजचे होते. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. मुली विणकाम, शिवण, छपाई शिकल्या. आंधळ्या मुलींना मनोरमेने बोटांनी वाचायची लिपी शिकवली. वाट चुकलेल्या बायांसाठी कृपा सदन काढले. फुलहॅमला पाहिलेले ते घर रमाबाई विसरल्या नव्हत्या.

उतारवयात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. बायबल आधी मराठीत होते, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईला कळण्यासारखी सोपी नाही असे त्यांना वाटे. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ ग्रंथावरून साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. संस्कृतातली एवढी अधिकारी बाई, पण संस्कृत शब्द वेचून काढून बायाबापड्यांचे शब्द घालू लागली. खिळे जुळवण्याचे आणि छापण्याचे काम केडगावच्या बायांनीच केले.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. जिच्यावर सारा भार टाकायचा ती एकुलती एक लेक आईच्या आधी गेली. तरी रमाबाई भाषांतराचे काम करीत राहिल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. ते संपूर्ण बायबल 1924 साली छापून बाहेर पडले. भारत सरकारने 1989 मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावचे त्यांचे काम आजही चालू आहे.

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे येते. आपल्या मार्कंडेय ऋषींची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आयुष्य सरले, यमदूत आले, आणि त्या पोराने पिंडीला मिठी मारून शंकराला हाक मारली. तिथे भक्ताने हाक मारली आणि देव धावून आला. रमाबाईंच्या चरित्रात देवाने हाक मारली आणि भक्त धावून गेली. आपण रोज आरती करताना देवाला हाक मारतो. पण तो आपल्याला मारीत असेल ती कधी ऐकतो का? रमाबाईंचा देव मी मानत नाही. माझा देव त्या नदीकाठच्या दगडी गाभाऱ्यातच आहे. पण प्रत्येक वेळी त्यांना हाक आली ती एखाद्या टाकलेल्या किंवा उपाशी बाईच्या तोंडून, आणि प्रत्येक वेळी त्या उठल्या. ज्या बाईचे कान काम करीत नव्हते तिला ते ऐकू आले, आणि माझे कान धडधाकट असून मला आले नाही.

हे मी उगाच लिहीत नाही. गेल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केले. आमच्या आळीतल्या सगळ्या बायांना बोलावणे गेले. एका घरी गेले नाही. त्या घरच्या बाईचा नवरा मागल्या पावसाळ्यात गेला होता. त्याआधी दहा वर्षे तीच माझ्याकडे तिळाची वडी थापायला येत असे. त्या दिवशी ती आपल्या दारात तांदूळ निवडीत बसली होती आणि माझ्या घरी जाणाऱ्या बाया तिच्यासमोरून गेल्या. मी खिडकीतून पाहिले आणि पडदा ओढून घेतला. कोणी मला अडवले नव्हते. मलाच धैर्य झाले नाही. हे पुस्तक वाचताना तो पडदा मला पानोपानी दिसत होता.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची रूढी बंद केली. एक गाव करू शकते तर एक मंडळ का करू शकणार नाही? म्हणून वर्धापनदिनाच्या बैठकीत मी एक गोष्ट मांडणार आहे. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला यापुढे सर्व बायांना बोलवावे आणि वाण सर्वांना सारखे द्यावे. ज्यांना पटणार नाही त्यांनी माझ्यावर रागवावे; मी ऐकून घेईन. आणि बैठकीत काहीही ठरो, येत्या संक्रांतीला त्या घरी बोलावणे घेऊन मी स्वतः जाणार आहे.

हा लेख छापायला देण्याआधी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या ऐकत राहिल्या. थोड्या वेळाने उठल्या आणि तिळाची बरणी कुठे आहे म्हणून विचारू लागल्या. सासूबाईही तरुणपणीच विधवा झालेल्या आहेत, आणि माझ्या लग्नाला पंचवीस वर्षे झाली तरी त्यांना मी एकदाही वाण दिलेले नाही, हे मला त्या क्षणी समजले.

मार्कंडेश्वर आपणा सर्वांना ऐकणारे कान देवो, हीच प्रार्थना. चुकले-माकले पदरात घ्यावे.

— मंडळाची एक सभासद, मार्कंडा